चौथी प्रांजली

"ही चौथी कुठनं आणलीस?"

दस्तगीर वस्तादांनी फोटोवर अंगठा टेकवला आणि तो तसाच ठेवला.

विश्वजितला हसू आलं. त्याला वाटलं, म्हातारा आज मजेत आहे.

"चौथी, पाचवी असं काही नाही, वस्ताद. सगळीकडे प्रांजलीच आहे. एकच मुलगी, एकच सूर, सात वेळा."

"ते दिसतंय मला. चौथी कुठनं आणलीस?"

"वस्ताद..."

"कुठनं आणलीस?"

सकाळचे आठ वाजले असतील. मी ओला पंचा पिळत उभा होतो. पिळता पिळता थांबलो, कारण वस्ताद एकच प्रश्न कधी तीनदा विचारत नाहीत. एकदा विचारतात, आणि उत्तर आलं नाही तर पाण्यात ढकलतात.

तो फोटो विहिरीवरच्या पत्र्याच्या खोलीला बाहेरून टांगलेला होता. चांगला पुरुषभर लांब. विश्वजितने तो दहा दिवसांपूर्वी पाठवला होता आणि खिळा मी ठोकला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण सगळं ऐकल्यावर तुम्ही विचारणारच.

आमची विहीर जुनी, मोटेच्या काळातली. वर थारोळं आहे, म्हणजे पूर्वी मोटेचं पाणी जिथे ओतायचे तो दगडी कट्टा. पोरं तिथून उड्या मारतात. पाणी त्याच्या दोन पुरुष खाली. आणि मध्ये, थारोळ्याच्या बरोबर खाली, भिंतीतून दोन हात बाहेर आलेली एक मोठी दगडी पायरी. वरून सूर मारणाऱ्याने ती पायरी ओलांडूनच पाण्यात जायचं असतं. न ओलांडता गेलेला एक जण मी लहानपणी पाहिला आहे. त्याच्याबद्दल इथे लिहीत नाही.

वस्ताद पन्नास वर्षं या विहिरीवर पोहणं शिकवतात. त्यांचा कोलांटी सूर पंचक्रोशीत प्रसिद्ध. थारोळ्यावरून झेप घ्यायची, हवेत गुडघे पोटाशी घेऊन अंगाची घडी घालायची, एक फेरा फिरायचं, घडी उलगडायची आणि हात पुढे करून पाण्यात शिरायचं. शिकवताना वस्ताद एकच वाक्य बोलतात. "आदी जायाचं, मग घडी."

विश्वजित शेटे याच विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकला. आता शहरात खेळाडूंचे फोटो काढतो. एकाच फोटोत एकच खेळाडू पळताना, उडताना, पडताना दिसतो, अशी माळ लावायची त्याची खासियत. लांब उडी, उंच उडी, खो-खोतला सूर. वर्तमानपत्रं छापतात. गावात आला की त्याचे पाय जमिनीला टेकायला दोन दिवस जायचे, आणि तिसऱ्या दिवशी तो परत निघायचा.

या खेपेला तो वस्तादांची सही घ्यायला आला होता. प्रांजलीच्या सुराचा हा फोटो जिल्ह्यातल्या शाळाशाळांत तक्ता म्हणून लागणार होता. खाली लिहिलेलं असणार, "दस्तगीर वस्तादांचा कोलांटी सूर". सोमवारी छापायला जायचा होता.

वस्तादांनी तो फोटो त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला. पंधरा दिवस ते मोतीबिंदू काढायला लेकीकडे गेले होते. विहीर माझ्या भरवशावर टाकून.

"मला येड्याला जरा समजावून सांग," वस्ताद म्हणाले. आवाज अगदी मऊ. "ह्ये करत्यात कसं?"

विश्वजित खुलला. असं विचारलेलं त्याला फार आवडायचं.

"कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर घट्ट बसवायचा. विहिरीच्या बाजूच्या काठावर. बटण दाबून धरलं की सेकंदाला वीस फोटो निघतात. ती उडी मारते, मी बटण सोडत नाही. मग त्यातले सात निवडायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक ठेवायचे. विहीर सगळ्यांत तीच असते, तिथल्या तिथे. म्हणून विहीर एकच राहते आणि प्रांजली सात दिसतात."

"कॅमेरा हालला मंजी?"

"मग सगळं पाण्यात. केसभरही हलता कामा नये. खरी कला तीच आहे, वस्ताद."

"हालला न्हाई?"

"अजिबात नाही."

"आन विहीर?"

विश्वजित मोठ्याने हसला. मीही हसलो.

"विहीर कशी हलेल!"

"कॅमेरा हालला न्हाई. विहीर हालली न्हाई." वस्तादांचा अंगठा अजून तिथेच होता. "मग ही कशी हालली?"

...

विश्वजितचं हसू मागे राहिलं, चेहऱ्यावरच, पण त्यात काही उरलं नव्हतं.

"हलली म्हणजे काय, वस्ताद? जशी उडी मारली तशी आहे."

"न्हाई. पायरीच्या डोक्यावर असताना अंग सरळ असतंय. घडी पायरीच्या पल्याड. हितं ही पायरीवरच गोळा झालीया."

मी पुढे होऊन पाहिलं. मी तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. दहा दिवस रोज सकाळी या फोटोसमोर पंचा पिळला. पहिली प्रांजली थारोळ्यावर उभी. दुसरी झेपेत. तिसरी वर चढलेली. चौथी घडी घालून, बरोबर पायरीच्या वर. पाचवी घडी उलगडताना. तिसरी ते चौथी अंतर टीचभर, चौथी ते पाचवी हातभर मोकळं. कुठलाही फेकलेला दगड असा जात नाही. मुलांच्या वहीत मी अशी वक्ररेषा लाल शाईने खोडली असती. पण फोटो होता ना! फोटोला कोण खोडतं?

"तुमचा नुकताच डोळा झालाय, वस्ताद," विश्वजित म्हणाला. "अजून नीट दिसत नसेल."

"नवा डोळा हाय. लईच नीट दिसतंय."

"आणि ती उडी मारली त्या दिवशी तर तुम्हाला काहीच दिसत नव्हतं. मोतीबिंदू होता."

माझ्या हातातला पंचा खाली पडला. वस्तादांशी असं कुणी बोलत नाही. त्याच्या बापानेही कधी बोलायची हिंमत केली नव्हती.

वस्ताद रागावले नाहीत.

"खरं हाय. दिसत नव्हतं. ऐकत व्हतो."

"सूर ऐकू येतो?"

"चांगला सूर ऐकाय येत न्हाई. त्या दिवशी ऐकाय आला न्हाई."

त्यांनी अंगठा उचलला. जवळ जाऊन फोटो निरखला. मग मला हाक मारली.

"मास्तर, ह्या चौथीवरच वल्या बोटांचं डाग कसं? बाकीच्या सा जणी कोऱ्या हायत्या."

मला उत्तर माहीत होतं. दहा दिवस मी ते कौतुकाने बघत होतो.

"प्रांजली," मी म्हणालो. "रोज उडीच्या आधी ती इथे उभी राहते. त्या चौथीवर बोट ठेवते. मग वर जाते."

"रोज?"

"रोज. रविवारी शहरातल्या तलावावर निवड आहे ना तिची. म्हणून..."

माझं वाक्य मलाच ऐकू आलं आणि मी थांबलो.

प्रांजली आमच्या गावच्या शिंप्याची मुलगी. अकरावीत शिकते. ती विहिरीच्या पायऱ्यांवर पाठ भिंतीला न टेकवता बसली होती. तशी ती आठ दिवस बसत होती. मी विचारलं होतं, तेव्हा म्हणाली होती, शेवाळावरून पाय घसरला, गुरुजी. मी म्हणालो होतो, जपून. एवढंच म्हणालो होतो.

वस्तादांनी तिला बोलावलं.

"पाठ दाव."

ती माझ्याकडे बघायला लागली. मग विश्वजितकडे. मग वळली, आणि पोहण्याच्या कपड्यावर घातलेला ढगळ सदरा तिने मानेपासून थोडा खाली ओढला.

दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कण्यावर, चार बोटं कातडं नव्हतं. हळद लावली होती. हळद ओली होती, कारण खालून अजून पाणी येत होतं.

मी डोळे मिटून घेतले. मान तिथून वीतभर वर होती. फक्त वीतभर.

"पायरी?" वस्तादांनी विचारलं.

"हो."

"किती बारी?"

"तीनदा. दोनदा नुसतं घासलं. काल जरा जास्त."

"घरी काय सांगितलंस?"

"सायकलवरून पडले म्हणून."

"आन मास्तरांना शेवाळ."

तिने सदरा वर ओढून घेतला.

"का गं पोरी? तुला येतोय की सूर. झोपेत उठवलं तरी मारशील."

तेव्हा प्रांजलीचा बांध फुटला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एका दमात बाहेर आलं.

"येत होता, वस्ताद. आता येत नाही. हे बघा ना!" तिने चौथीवर बोट ठेवलं, ठेवून ठेवून पांढुरक्या पडलेल्या त्याच जागी. "त्या दिवशी मी इथेच घडी घातली होती. किती सुंदर दिसतंय. आता मला तिथे घडी जमतच नाही. मला उशीर होतो. मी पायरीच्या पुढे गेल्यावर घडी घालते. रोज ठरवते, आज लवकर घालायची. लवकर घातली की झेप तुटते आणि पाठ..." तिने हुंदका गिळला. "फोटोत तर मीच आहे ना? मला तेव्हा येत होतं आणि आता येत नाही. काय झालंय मला?"

...

आता तो बोलेल, असं मला वाटलं. कुणीही बोललं असतं. समोर त्या पोरीची पाठ उघडी होती.

विश्वजितने ओठ ओले केले. गळ्यातल्या कॅमेऱ्याचा पट्टा सरळ केला.

"सराव कर," तो म्हणाला. "येईल."

हे तो कसं म्हणाला, मला आजही कळत नाही. मी त्याला ओळखतो. वाईट मुलगा नाही. लहानपणी विहिरीत पडलेलं मांजराचं पिल्लू काढायला त्याने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली होती. पण ते तीन शब्द त्याच्याच तोंडून आले, हे मी या कानांनी ऐकलं आहे. वेळ आली की माणूस कशाकशाला मिठी मारून बसतो!

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या हातात दिली. मग सदऱ्याची बटणं सोडायला लागले.

"वस्ताद, हे काय?"

"आज ही परत मारणारच. मारू दे. पर तिच्या आदी मी बघतो. फोटोत हाय तश्शी."

वस्तादांचं वय अठ्ठ्याहत्तर. अकरा वर्षांपूर्वी खुबा मोडला, तेव्हापासून थारोळ्यावरून उडी नाही. आणि आता डोळ्याच्या डॉक्टरांनी डोक्यावरून आंघोळसुद्धा महिनाभर बंद केली होती. मी त्यांचा दंड धरला.

"वेड लागलंय का तुम्हाला? मी नाही जाऊ देणार."

"मास्तर," ते म्हणाले, "टोपी धरा. तेवढंच काम हाय तुमास्नी."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. माझा हात आपोआप सुटला.

ते थारोळ्यावर चढले. एकेक पाऊल टाकत, आजारी पाय ओढत. छातीवरचे केस पांढरे झालेले, बरगड्या मोजता येतील अशा. टोकाशी गेले आणि पायाची बोटं दगडाच्या कडेला रोवली. ती मात्र कशी रोवायची ते पाय विसरले नव्हते.

"विश्वा, फोटोपाशी हुबा ऱ्हा."

विश्वजित फोटोपाशीच होता. त्याला हलताच येत नव्हतं.

"त्यात बघ आन सांग. घडी कुठं घालू?"

"वस्ताद, खाली या."

"कुठं घालू?"

"तुम्ही खाली या, आपण बोलू..."

"बोलणं झालं. हितं घालू?" वस्तादांनी हात लांब करून खाली बोट दाखवलं. बोटाच्या बरोबर खाली ती पायरी होती. कडेला कसलासा तांबूस डाग वाळलेला. "हितं? पायरीच्या डोक्यावर? फोटोत हाय तितंच ना?"

प्रांजली तोंडावर हात ठेवून उभी होती.

"बोल लेका. तुज्या सांगण्यावर हाय मी."

विश्वजितने फोटोकडे पाहिलं. मग वर पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. आणि तरीही...

"हो," तो म्हणाला.

खोटं सांगत नाही. तो हो म्हणाला.

"बरं," वस्ताद म्हणाले.

त्यांनी हात वर नेले. गुडघे वाकवले. टाचा उचलल्या गेल्या.

मी ओरडलो की नाही, मला आठवत नाही. विश्वजित ओरडला, ते आठवतं. ते ओरडणं माणसाचं वाटत नव्हतं. तो धावत सुटला, थारोळ्यावर झेपावला आणि त्याने मागून वस्तादांच्या कमरेला मिठी मारली. दोघेही दगडावर मागे आपटले. कॅमेऱ्याची काच फुटल्याचा आवाज आला. त्याने तिकडे बघितलंही नाही.

"सरकवली! मी सरकवली, वस्ताद! मीच सरकवली!"

वस्ताद उताणे पडले होते. आकाशाकडे बघत, धापा टाकत.

"किती?" त्यांनी विचारलं.

"हातभर... फक्त हातभर."

"का?"

मग तो बोलला. वस्तादांची कंबर न सोडता, तोंड त्यांच्या पाठीत लपवून बोलला.

पायरीच्या वर असतानाचा प्रांजलीचा खरा फोटो त्याच्याकडे होता. त्यात ती सरळ होती आणि तिचं कोपर कपाळापुढे आलेलं होतं. चेहरा दिसत नव्हता. ओंडका फेकल्यासारखं दिसत होतं, म्हणाला. घडीचा फोटो मात्र सुरेख आला होता. चेहऱ्यावर ऊन, केसांतून पाण्याचे थेंब उडालेले. पण घडी पायरीच्या पुढे होती. तिथे ती पाचवीच्या अंगावर येत होती, दोघींचे पाय एकमेकींत अडकत होते. म्हणून त्याने कोपरवाली काढून टाकली आणि घडीवाली मागे ओढून तिच्या जागी बसवली.

"सगळेच थोडंफार सरकवतात, वस्ताद. नुसतं बघायलाच असतं ते. कुणाला कळत नाही. मला काय माहीत ती त्यावरून..."

"आन आत्ता कळल्यावर?"

विश्वजितने मिठी आणखी घट्ट केली. त्याचे खांदे हलत होते.

प्रांजली फोटोसमोर उभी होती. तिने हात उचलला, पण या वेळी चौथीला शिवली नाही.

"म्हणजे मी कधीच..."

"न्हाई," वस्ताद उठून बसत म्हणाले. "कधीच न्हाई."

"इथे मी नव्हतेच?"

"हितं तू सरळ व्हतीस. आन कोपर कपाळापुढं. मी शिकवलं तसं. ती पायरी जाईपतूर कोपर हलवायचं न्हाई, म्हणून मी सातवीत असताना तुला किती रडवलंय."

प्रांजली मटकन खाली बसली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. ती कितीतरी वेळ आपल्या उजव्या कोपराकडे बघत राहिली, पहिल्यांदाच पाहिल्यासारखी.

"आठ दिवस मला वाटत होतं, माझ्यातलं काहीतरी गेलं," ती म्हणाली. "झोप लागत नव्हती. मी देवाला म्हणत होते, एकदाच मला परत तशी होऊ दे."

वय सोळा. जी उडी तिने जन्मात मारली नव्हती, ती परत मिळावी म्हणून ही पोर पुन्हा पुन्हा दगडावर पाठ सोलून घेत होती. आणि त्या दगडाच्या वर, भिंतीवर, मी ठोकलेला खिळा होता.

"गुरुजी, तुम्ही नका रडू," प्रांजली म्हणाली. तेव्हा मला कळलं की मी रडतोय.

"मी आज मारू, वस्ताद? माझा मारते. कोपर धरून."

"पाठ सुकू दे. रविवारी मार. तुजाच मार."

वस्ताद हळूहळू खाली उतरले. मी सदरा पुढे केला. त्यांनी तो घातला, बटणं लावली, टोपी घेतली. ते खरंच उडी मारणार होते का, हे मला विचारायचं होतं. त्यांच्या पायाची बोटं मी पाहिली होती. म्हणून विचारलं नाही.

विश्वजित त्यांच्या मागोमाग उतरला आणि थेट त्यांच्या पायाशी बसला. पुढच्या काचेचे तुकडे गळ्यातल्या कॅमेऱ्यातून त्याच्या मांडीवर पडत होते.

"मला दोन थोबाडीत मारा, वस्ताद."

वस्ताद खोलीच्या दाराशी उभे राहून फोटोकडे बघत होते.

"सोमवारचं मी रद्द करतो. तक्ता कुठेच जाणार नाही. सगळ्यांना सांगतो, मी काय केलं ते."

...

"मूळ फोटो आहे माझ्याकडे. कोपराचा. तो लावतो. जसा आहे तसा."

...

"काहीतरी बोला ना, वस्ताद!"

चौथीजवळ वाकून वस्तादांनी तिच्या चेहऱ्यावरचं ऊन बघितलं, केसांतून उडालेले थेंब बघितले. बघताना त्यांची मान हलत होती, चांगलं गाणं ऐकताना हलते तशी. त्याने विश्वजित जास्तच घाबरला.

तो ताडकन उठला.

"मी फाडतो हा. आत्ताच्या आत्ता."

त्याने फोटोची कड पकडली.

"थांब," वस्ताद म्हणाले.

ते खोलीत गेले. आत लोखंड घासल्याचा आवाज झाला. बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हातात पहार होती, गाळ काढताना दगड उचकटायला वापरतात ती, कमरेएवढी. माझ्या मनात आलं, माझा खिळा काढायला एवढी पहार कशाला? विश्वजितलाही तसंच वाटलं असावं. त्याने मान खाली घालून दोन्ही हात पुढे केले.

वस्तादांनी पहार त्याच्या हातांवर ठेवली. त्याचे हात ओझ्याने खाली गेले. तो फोटोकडे वळला.

वस्तादांनी त्याच्या खांद्याला धरून त्याला हलकेच विहिरीकडे वळवलं.

"फोटो ऱ्हाऊ दे. त्यो लई झ्याक हाय," ते म्हणाले. "ती पायरी तेवढी हातभर मागं सार."